निर्जन म्हणजे बेवारस नव्हे

जगाचा नकाशा मुलांपुढे पसरला की ती आधी आपल्या मॉरिशसचा ठिपका शोधतात. मग भारत, मग जिथे कुणाचा मामा किंवा आत्या कामाला गेली असेल तो देश. आफ्रिकेच्या उत्तर भागातील पिवळ्या पट्ट्यावर मात्र कुणाची नजर ठरत नाही. तिथे गावांची नावे विरळ, आणि नद्यांच्या निळ्या रेघा जवळजवळ नाहीतच. ‘तिथे काही नाही’ एवढे म्हणून मुले पुढे जातात आणि धडाही तिथेच संपतो.

भूगोल शिकवणाऱ्याला हे ‘काही नाही’ मान्य होण्यासारखे नाही. त्या पिवळ्या पट्ट्यातील अत्यंत कोरड्या अशा एका प्रदेशाची वाचकांना ओळख करून द्यावी आणि त्या निमित्ताने ‘निर्जन’ या शब्दाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, हा या लेखाचा हेतू आहे. हा शब्द वरून निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या आडून मोठे अन्याय झाले आहेत. आपण बेटावरची माणसे, आपल्याला तर याची जाणीव इतरांपेक्षा अधिक असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तानेझरूफ्त

या प्रदेशाचे नाव तानेझरूफ्त. तुआरेग लोकांच्या भाषेत निर्जल, उजाड मैदानाला असे म्हणतात. अल्जीरियाच्या दक्षिण भागात, हॉगार पर्वताच्या पश्चिमेला हा प्रदेश पसरला असून त्याचा काही भाग माली देशात शिरतो. उत्तरेच्या कडेला रेगान हे गाव आहे. तुआत नावाच्या मरूद्यानांच्या साखळीचे ते दक्षिणेकडील टोक. तेथून निघून मालीतील नायजर नदीकाठच्या गाओ शहरापर्यंत जायचे, तर सुमारे १३०० किलोमीटरचा प्रवास होतो. आपले बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे अशी वीस बेटे एकापुढे एक ठेवावीत, एवढे हे अंतर.

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. परंतु संपूर्ण सहाराचा सुमारे पाव भागच वाळूच्या टेकड्यांचा आहे. तानेझरूफ्त हे मुख्यतः बारीक खडे आणि गोट्यांनी झाकलेले सपाट मैदान आहे. अशा मैदानाला तिकडे ‘रेग’ म्हणतात. दिवसच्या दिवस चालले तरी क्षितिजावर टेकडी नाही, झुडूप नाही, सावली नाही. आपल्या मराठीत ‘वाळवंट’ हा शब्द नदीकाठच्या वाळूलाही लावतात. पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटात आषाढीला पाय ठेवायला जागा नसते. तोच शब्द आपण सहारालाही लावतो. एका ठिकाणी माणसांचा महापूर आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाचे चिन्ह नाही! शब्द एकच असला म्हणून भूमी एक होत नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

या मैदानात विहिरी नसल्यासारख्याच असल्याने उंटांचे तांडेही शक्य तर ते टाळून जात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५३ मध्ये मालीहून परतताना पूर्वेकडून, हॉगारच्या बाजूने, तुआतला पोहोचला. हाच बतूता त्याआधी आपल्या देवगिरी-दौलताबादेलाही येऊन गेला होता. पुढे १८२६ मध्ये गॉर्डन लेंग हा स्कॉटिश प्रवासी तानेझरूफ्तमधून टिंबक्टूला गेला. विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात, फ्रेंचांनी येथून मोटारींचा मार्ग आखला. मार्गावर खुणेसाठी इंधनाचे डबे ठेवत गेले. रेगानच्या दक्षिणेस सुमारे ५०० किलोमीटरवर जो पाचवा डबा होता, त्यावरून त्या जागेचेच नाव पडले ‘बिदों सँक’. आपल्या क्रिओलमध्येही बिदों म्हणजे डबाच. ज्या जागेला ओळख म्हणून नदी नाही, डोंगर नाही, झाड नाही, तिला शेवटी डब्याचे नाव मिळाले!

या भूमीचा कोरडेपणा किती भयंकर आहे, हे बिल लँकेस्टर या इंग्रज वैमानिकाच्या कथेवरून कळते. एप्रिल १९३३ मध्ये इंग्लंडहून केपटाउनला विक्रमी वेळेत जाण्याच्या प्रयत्नात त्याचे विमान रेगानच्या दक्षिणेस सुमारे २७० किलोमीटरवर कोसळले. थोड्याशा पाण्यावर तो आठ दिवस विमानाच्या सावलीत रोजनिशी लिहीत राहिला. शोध झाला, पण तो सापडला नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये एका फ्रेंच लष्करी तुकडीला ते विमान दिसले. एकोणतीस वर्षे झाली होती, तरी त्याचा देह सुकून तसाच राहिला होता आणि रोजनिशीतील अक्षरे वाचता येत होती. कुजण्यासाठीही ओलावा लागतो, आणि तेवढासुद्धा ओलावा त्या भूमीत नाही.

कोरडेपणाचे कारण

आता कुणी विचारील, की हा प्रदेश असा का? देवाचा कोप म्हणून? तसे काही नाही. विषुववृत्तापाशी हवा तापून वर चढते, वर थंड होते आणि आपल्यातील पाणी तिथेच पावसाच्या रूपाने टाकते. ही कोरडी झालेली हवा उत्तरेला आणि दक्षिणेला सरकते आणि साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात पुन्हा खाली उतरते. उतरताना ती दाबली जाऊन आणखी तापते. अशा हवेत ढग टिकत नाहीत. त्यात तानेझरूफ्त समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक आत. पश्चिम आफ्रिकेतील मोसमी वारे गिनीच्या आखातातून पाऊस घेऊन निघतात खरे, परंतु सहाराच्या दक्षिण किनारीवरच त्यांची शिदोरी संपते. म्हणून येथे वर्षाला सरासरी २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि काही वर्षे अगदी कोरडी जातात. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते.

आता आपल्या बेटाकडे पाहा. बिदों सँक विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २२ अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला सुमारे २० अंशांवर. विषुववृत्तापासून अंतर जवळजवळ सारखेच! तरीही आपल्याकडे ऊस उभा राहतो आणि तिकडे गवताची काडी नाही. फरक एवढाच, की आपल्या चारी बाजूंना समुद्र आहे आणि आग्नेयेकडून येणारे वारे त्यावरून ओले होऊन आपल्या डोंगरांना भिडतात. क्युरपिपला छत्री हातची सुटत नाही आणि पश्चिम किनाऱ्यावर मात्र जमीन तहानलेली असते. डोंगराची एक ओळ आड आली की दहा-पंधरा मैलांत एवढा फरक पडतो. आपले पूर्वज ज्या कोकणातून आले, तिथेही हेच. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आदळतात म्हणून रत्नागिरी हिरवी आणि घाटापलीकडचा मुलूख दुष्काळी.

३० मार्च २०१३ चा दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? पोर्ट लुईमध्ये दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ११ जीव गेले. तानेझरूफ्तला सात-आठ वर्षांत मिळते त्याहून अधिक पाणी आपल्या राजधानीवर त्या दुपारी पडले. पाणी नसल्याने माणूस मरतो आणि पाण्याने जागा सोडली तरी मरतो. म्हणून आपल्या हिरवाईचा गर्व नको आणि त्या उजाडपणाचा तिरस्कारही नको.

हा उजाडपणा कायमचाही नाही. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात सहाराच्या मोठ्या भागात गवताळ राने आणि सरोवरे होती. पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत असते. त्या काळी उत्तर गोलार्धातला उन्हाळा आजच्यापेक्षा प्रखर होता, आणि म्हणून मोसमी वारे दूरवर आत जात. हॉगारच्या ईशान्येला तासिली नाज्जेर येथे खडकांवर त्या काळच्या माणसांनी गुरांचे कळप, गुराखी आणि पाणघोडेसुद्धा रंगवून ठेवले आहेत. १९८२ मध्ये या स्थानाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. तेव्हा ‘निर्जन’ हे विशेषण भूमीच्या कपाळी जन्मतः लिहिलेले नसते. पाणी गेले, माणसे गेली. ती कुठे तरी गेली, आणि त्यांचे वंशज कडेकडेने अजून आहेत.

कडेची माणसे

या कडेच्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. रेगान आणि तुआतमधील शेतकरी शेकडो वर्षे ‘फोग्गारा’ नावाच्या भुयारी कालव्यांनी पाणी आणत आले आहेत. जमिनीखाली अगदी मंद उताराचे लांब भुयार खणायचे, मधूनमधून उभी विवरे ठेवायची आणि पाणी आपल्याच ओढीने बागेपर्यंत येऊ द्यायचे. इंजिन नाही, तेल नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी मराठवाड्यातील खडकी गावी, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरास, जी नहर बांधली, तिचे तत्त्वही हेच होते.

पाणी बाहेर आले की खरी कसोटी लागते. तुआतमध्ये पाणी मोजणारे जाणते लोक असतात. छिद्रे पाडलेल्या तांब्याच्या पत्र्याने ते प्रत्येकाचा वाटा मोजतात आणि फणीसारख्या दगडी वाटणीतून तो ज्याच्या त्याच्या पाटात सोडतात. कुणाचे किती छिद्रांचे पाणी, हे पिढ्यानपिढ्या नोंदलेले असते. २०१८ मध्ये युनेस्कोने या जाणत्यांची विद्या तातडीने जतन करावयाच्या वारशांच्या यादीत घातली. नळाला पाणी आले नाही म्हणून शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी आपणही या माणसांची आठवण करावी. ज्या भूमीला आपण ‘काही नाही’ म्हणतो, तिच्या उंबरठ्यावर पाण्याचा न्याय करण्याची एवढी सूक्ष्म रीत जन्मली.

‘तिथे कोणीच नाही’

आणि याच उंबरठ्यावर १३ फेब्रुवारी १९६० रोजी फ्रान्सने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला. जागा निवडली रेगानजवळच्या हमूदिया परिसरातील. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९५९ रोजी ठराव करून फ्रान्सला हे स्फोट न करण्याची विनंती केली होती. आफ्रिकेतील देशांनी विरोध केला. फ्रेंच सरकारचे म्हणणे एकच, की हा प्रदेश ओसाड आहे, तिथे कोणीच नाही. स्फोटाला नाव दिले ‘जेरब्वाझ ब्ल्य’, म्हणजे निळा जेरब्वाझ. जेरब्वाझ हा वाळवंटात राहणारा, उड्या मारत पळणारा छोटासा उंदीर. जिथे कोणीच नाही असे सांगितले, तिथल्याच एका जिवाचे नाव बॉम्बला द्यावे लागले, यातील विसंगती त्यांना जाणवली नसावी.

त्या बॉम्बची शक्ती सुमारे ७० किलोटन होती, हिरोशिमावरील बॉम्बच्या चौपटीहून अधिक. एप्रिल १९६१ पर्यंत रेगानजवळ असे चार स्फोट खुल्या हवेत झाले. त्यानंतर १९६६ पर्यंत हॉगारमधील इन-एकर येथे डोंगराच्या पोटात आणखी तेरा झाले. यांतील १ मे १९६२ च्या स्फोटात डोंगर फुटून किरणोत्सारी ढग बाहेर पडला आणि तो पाहण्यास आलेले दोन फ्रेंच मंत्रीही त्याच्या तडाख्यात सापडले. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या फ्रेंच लष्करी कागदपत्रांवरून असे दिसले, की पहिल्या स्फोटाची धूळ पश्चिम आफ्रिका आणि दक्षिण युरोपच्या किनाऱ्यापर्यंत गेली होती. स्फोटांनंतर मागे राहिलेले लोखंड आसपासच्या गरीब माणसांनी भंगार म्हणून उचलून नेले, वापरले, विकले. फ्रान्सने नुकसानभरपाईचा कायदा केला तो २०१० मध्ये, म्हणजे पहिल्या स्फोटानंतर पन्नास वर्षांनी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाऱ्याने सहारातली धूळ फ्रान्सच्या जुरा भागात नेऊन टाकली. तिच्यात सिझियम-१३७ चा अल्प अंश आढळला. प्रमाण धोक्याचे नव्हते, आणि तो अंश कोणत्या देशाच्या बॉम्बचा, हे धुळीवर लिहिलेले नसते. परंतु वारा निर्जन आणि सजन असा भेद करीत नाही, एवढा बोध त्यातून नक्कीच होतो.

यावर काही सुज्ञ माणसे म्हणतात, की धोक्याचे काम कुठे तरी करावेच लागणार, मग ते भरवस्तीत करण्यापेक्षा ओसाड जागी केलेले काय वाईट? या म्हणण्यात वरवर तथ्य दिसते. तथापि, काम खरोखरच निर्धोक असेल तर ते स्वतःच्या घरापासून हजारो किलोमीटर दूर नेण्याचे कारण काय? आणि धोक्याचे असेल, तर तो धोका कुणाच्या माथी मारायचा हे ठरवताना, ज्यांच्या माथी मारायचा त्यांना कुणी विचारले का? रेगानच्या माणसांना कुणी विचारले नाही. नकाशावर ती दिसत नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा.

सहारातून बाहेर पडल्यावर फ्रान्सने १९६६ पासून हेच स्फोट पॅसिफिक महासागरात, मोरुरोआ आणि फांगाटाउफा या बेटांवर सुरू केले. वाळवंटानंतर बेटे! मोठ्या राष्ट्रांच्या नकाशात दोन्ही एकाच रंगाने रंगवलेली असतात. आपल्याला हे दूर जाऊन शिकायला नको. १९६५ मध्ये चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियावरील लष्करी तळासाठी तेथील माणसे हलवली. ती पिढ्यानपिढ्या तिथे राहत होती, तिथेच त्यांच्या आईबापांच्या कबरी होत्या. तरी ब्रिटिश कागदपत्रांत त्यांना कंत्राटी मजूर ठरवण्यात आले, म्हणजे कायमची वस्ती नाही असे म्हणता यावे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही फाळणी कायदेशीर रीतीने झाली नव्हती असे मत दिले. कंत्राटी मजूर! आपल्या आजोबा-पणजोबांनाही याच शब्दाने जहाजात बसवले होते. त्या शब्दाने माणूस अदृश्य कसा होतो, हे आपल्या घरांना सांगायला नको.

खुद्द आपले बेटही डच खलाशी १५९८ मध्ये उतरले तेव्हा निर्जनच होते, आणि ते खरेही होते. परंतु रिकामे नव्हते. एबनीची दाट राने होती, प्रचंड कासवे होती, डोडो होता. ‘इथे कोणी नाही’ असे धरून माणसे वागली आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. आज आपण त्याचे चित्र राष्ट्रीय चिन्हावर मिरवतो. तेव्हा निर्जन हा शब्द खोटा असतानाही घात करतो आणि खरा असतानाही घात करतो. कारण दोन्ही वेळा ऐकणारा त्याचा अर्थ ‘बेवारस’ असा लावतो.

मुलांना काय सांगावे

मी वर्गात हा भाग घेते तेव्हा मुलांना तीन प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगते. पहिला, ही जागा निर्जन आहे असे कोण म्हणतो, तिथे जाऊन आलेला की तिथे काही करू पाहणारा? दुसरा, ती केव्हापासून निर्जन आहे आणि तिथली माणसे कुठे गेली? तिसरा, तिच्या कडेला कोण राहतो आणि त्याला विचारले का? परीक्षेत हे प्रश्न येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. आयुष्यात मात्र ते वारंवार येतील. उद्या सहारात मोठाले सौरऊर्जेचे प्रकल्प उभे राहतील. रेगानच्या परिसरात नैसर्गिक वायू आताही काढला जातो. हे होऊ नये असे माझे म्हणणे नाही. अल्जीरियाच्या मुलांनाही वीज हवी आणि नोकऱ्या हव्यात. त्यासाठी लागणारे पाणी कोणत्या फोग्गाऱ्याच्या वाट्यातून जाणार, एवढे मात्र आधी त्या पाणी मोजणाऱ्या जाणत्यांना विचारले पाहिजे.

आईवडिलांनीही या कामी हातभार लावावा. रविवारी घरी थोडी उसंत असते, तेव्हा मुलांबरोबर नकाशा उघडावा. भारत दाखवावा, कोकण दाखवावे, ते तर आपण करतोच. त्याबरोबर रेगान हे एक नावही शोधायला सांगावे. ते बारीक अक्षरांत आहे, भिंग लागेल. ते सापडले की त्याच्या खालच्या कोऱ्या जागेवर मुलाचे बोट ठेवावे आणि तिथे काय काय आहे, ते त्याला सांगावे.